व्यंकटरावांच्या हातासाठी पॅडल

कुरुंदा, ता. वसमत
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय करुणा,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावर माझं नाव पाहून तुला आधी वाटलं असेल, भागवत गेला की काय. हल्ली पोस्टाने एक तर कोर्टाचं समन्स येतं, नाहीतर तेरवीची पत्रिका. तसं काही न्हाई. मी धडधाकट आहे. मग फोन काहून केला न्हाई म्हणशील, तर आमच्या घरात फोन एक जण उचलतो, दुसरा ऐकतो आणि तिसरा त्यावर मत देतो. काही विषय असे असतात की त्यांना तिसरं मत परवडत न्हाई.

विषय पिकलबॉलचा आहे. हस नको. दहावीच्या ग्रुपवर तुझा नाशिकचा फोटो पाहिला: शाळेत पीटीच्या बाई, आणि सकाळी सहा ते आठ पिकलबॉलच्या कोच. तेव्हा समजलं की ज्या खेळासाठी आम्ही कुरुंद्यात आपसात डोकी फोडून घेऊन राहिलो, त्याची मास्तरीण आपल्याच वर्गातली आहे.

हा रोग गावात आणला सोमेश्वरने. तोच, हायस्कूलला गणित शिकवतो तो. पुण्याला लेकीकडे पंधरा दिवस राहून आला आणि येताना दोन लाकडी फळ्या अन् एक भोकाभोकाचा बॉल घेऊन आला. माझा हळद वाळवायचा कोबा हळद उचलली की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रिकामाच असतो. सोमेश्वरने टेप लावून मोजला आणि म्हणाला, "भागवतराव, चव्वेचाळीस बाय वीस आरामात बसतं. देवानंच आखून ठेवलंय." देवाने न्हाई, माझ्या बापाने कोबा केला होता, पण असो. चुन्याने रेषा मारल्या, मध्ये जाळी बांधली. नेटजवळच्या सात फुटांच्या पट्ट्याला किचन म्हणतात आणि त्यात उभं राहून बॉल हवेत मारायचा न्हाई, हे समजायला आम्हाला दोन महिने लागले. आता आम्ही मधल्या पायरीवर आहोत. म्हणजे नियम समजल्यामुळे भांडता येतं, पण खेळ अजून आलेला न्हाई.

यंदा मी नांदेडहून स्वतःचं पॅडल आणलं. दुकानदाराने सात-आठ समोर मांडली अन् कार्बन, फायबर, कोअर असं बडबडायला लागला. मी त्याला गप्प केलं. अरे, पस्तीस वर्षं वसमतच्या मोंढ्यात, लिलावात हळद घेणारा माणूस मी. हळकुंड तळहातावर घेतलं की सांगतो, आत भरलेलं आहे का पोकळ. जड ते भरलेलं, हलकं ते पोकळ. एकेक पॅडल तोलून पाहिलं आणि सगळ्यात जड उचललं. दोनशे पंचावन्न ग्रॅम. तरी मन भरेना, म्हणून वसमतच्या टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायच्या शिशाच्या पट्ट्या आणून कडेला चिकटवल्या. आता लागला फटका की बॉल सरळ विहिरीत.

तर मुद्दा असा. आमच्यात एक व्यंकटराव आहेत. वय त्रेपन्न. त्यांचंही पॅडल असंच. त्यांना हल्ली पॅडल नीट धरता येत न्हाई. खेळता खेळता हातातून फिरतं, कधी कधी सुटतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं सकाळी उठल्यावर आपली वाटत न्हाईत. तसं विशेष काही न्हाई. त्यांना चांगली पकड बसेल असं एखादं पॅडल सुचव, आणि हाताला जोर येईल असे दोन-चार सराव लिहून पाठव. पत्र मोंढ्यातल्या दुकानाच्या पत्त्यावर टाक, घरच्या नको.

दिपा बरी आहे. तिला यातलं काही सांगू नको, म्हणजे व्यंकटरावांचं.

तुझा,
भागवत

•

नाशिक
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय भागवत,

जयभीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून.

आधी व्यंकटरावांच्या पॅडलबद्दल. त्यांनी पॅडल हळदीसारखं निवडलं, हीच पहिली चूक. पॅडल भरलेलं नसतंच रे. त्याच्या पोटात मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळ घरं असतात, आणि सगळी कला त्या पोकळीत आहे. मधल्या पायरीवरच्या खेळाडूला दोनशे वीस ते दोनशे तीस ग्रॅम पुष्कळ झालं. जाडी सोळा मिलिमीटर, म्हणजे बॉल पॅडलवर जरा विसावतो आणि हाताला हादरा कमी बसतो. वरचा पत्रा कार्बनचा, जरा खरखरीत. फायबरचं पॅडल बॉल उडवतं जोरात, पण तुम्हा लोकांना जोराची कमी न्हाई, लगामाची आहे. आणि सगळ्यात महत्त्वाची मूठ. बारीक मूठ असली की माणूस ती आवळून धरतो. मुठीवर वेगळी पट्टी गुंडाळून ती जाड करता येते. ते शिसं तेवढं आजच्या आज काढून टाकायला सांग. दोनशे पंचावन्नवर शिसं! पॅडल आहे का दगडी पाटा?

पकड किती असावी, तर माझ्या पोरांना मी सांगते, दहातली तीन. तुला दुसऱ्या भाषेत सांगते. जूनमध्ये लागवडीला तू कोंब फुटलेलं बेणं कसा उचलतोस? कोंब मोडू नये, पण हातातून पडूही नये. तेवढंच धरायचं.

आता सराव. एक: दोघांनी किचनच्या रेषेवर समोरासमोर उभं राहून बॉल नुसता नेटपलीकडे टाकायचा, तिरपा, हळू, पन्नास वेळा. मारायचा न्हाई. मोठ्या माणसांना हे सगळ्यात अवघड जातं. दोन: मागच्या रेषेवरून तिसरा फटका असा सोडायचा की तो समोरच्या किचनमध्ये मरून पडावा. तीन: समोरच्याने जोरात मारलेला बॉल पॅडल नुसतं पुढे धरून जिरवायचा. चार: पहिला सराव डाव्या हातानेही पन्नास वेळा. आणि पाच: खेळून झाल्यावर एका ताटलीत वीस हरभरे ठेवायचे, उजव्या हाताचा अंगठा अन् पहिलं बोट यांनी एकेक उचलून वाटीत टाकायचे आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. मग डाव्याने तसंच. पाचही सरावांचे आकडे मला कळव.

हा पाचवा सराव कुठल्याही कोचकडे सापडणार न्हाई. तो माझा आहे.

आता भागवत, व्यंकटरावांना बाजूला बसव. आपल्या कुरुंद्यात व्यंकटराव एकच होते, पिठाच्या गिरणीवाले, आणि ते २००९ साली गेले. त्यांना पिकलबॉल खेळायचा असेल तर पॅडलपेक्षा मोठी अडचण आहे.

आणि दुसरं. दहावीला आपल्या वर्गाचा फळा रोज कोण लिहायचं? तू. मुख्याध्यापक पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे. तुझ्या या पत्रात पहिल्या पानावर ओळी सरळ आहेत. दुसऱ्या पानावर एकट्या "हळकुंड" शब्दात अक्षर तीनदा घसरलंय, आणि शेवटची सही मला ओळखू आली न्हाई.

तुझ्या बाबांचं मला आठवतं. तू बारावीला होतास. संतरामकाकांचा उजवा हात गेला आणि तू कॉलेज सोडून अडतीवर बसलास. त्रेपन्न वर्षांचेच होते ना ते?

तुला कशाची भीती वाटून राहिली ते मला समजलं. पण मी पीटीची बाई आहे, डॉक्टर न्हाई. नांदेडला जाऊन हात दाखव. लकवा असा सकाळी येऊन दुपारी जात नसतो, एवढं मला कळतं. पण माझ्या कळण्यावर राहू नको.

दिवाळीच्या शुभेच्छा. दिपाला सांग. हातासकट.

करुणा

•

वसमत
दि. ०३/११/२०२५

प्रति,
मा. करुणाताई खिल्लारे,
पिकलबॉल प्रशिक्षक, नाशिक.

विषय : पॅडल निवड व सराव अहवाल सादर करणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. १९/१०/२०२५.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी भागवत संतराम इंगोले, रा. कुरुंदा, आपणांस कळवू इच्छितो की माझी तब्येत ठणठणीत असून हस्ताक्षराबाबत आपण घेतलेला आक्षेप निराधार आहे. सदर पत्र मी मोटारसायकलच्या सीटवर ठेवून लिहिले होते. यापुढे गैरसमज टळावा म्हणून हे पत्र सेवा केंद्रातून टाईप करून पाठवीत आहे. भाषा अशी का आहे असे विचाराल, तर या केंद्रातील शितलताईंना अर्जाशिवाय दुसरे काही टाईप करता येत नाही. मी बोलतो एक आणि कागदावर उतरते तहसीलदार.

आपण सुचविलेल्या सरावांचा अहवाल खालीलप्रमाणे :

सराव क्र. १, तिरपे हळू फटके : पन्नासपैकी बावन्न.
सराव क्र. २, तिसरा फटका : समाधानकारक.
सराव क्र. ३, जिरवणे : सोमेश्वर यांनी जोरात मारण्यास नकार दिल्याने प्रलंबित.
सराव क्र. ४, डावा हात : पन्नासपैकी अकरा. (वास्तविक हाच अनुभव घेऊन बरे वाटले. डाव्या हातास कोणतीही अपेक्षा नसल्याने तो खुशीत खेळतो.)
सराव क्र. ५, हरभरे : हा सराव खेळाशी संबंधित नसल्याने करण्यात आला नाही.

शिसे काढलेले नाही. जड पॅडलने मागील रविवारी औंढ्याच्या लॉजवाल्यांच्या जोडीस मी व सोमेश्वर यांनी अकरा-चार असे हरविले. विजयी पॅडल बदलणे व्यवहारात बसत नाही.

व्यंकटराव यांच्याबाबत आपण व्यक्त केलेली माहिती वस्तुस्थितीस धरून असल्याचे मान्य करण्यात येते. तथापि माझ्या वडिलांचा विषय पुन्हा काढू नये, ही नम्र विनंती.

दिपा यांना काहीही कळविण्यात येऊ नये. त्यांचा स्वभाव आपणास ठाऊक आहे. एकदा त्यांना समजले की आमच्या घरात डॉक्टर, वैद्य, देवऋषी व मेहुणे एकाच दिवशी येतील.

आपला विश्वासू,
भागवत संतराम इंगोले

टीप : ताई, मी शितल, केंद्रातली. सही झाली, आता पाकीट मीच बंद करणार आहे, म्हणून खाली लिहून राहिले. काका सही करताना पेन दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने केली. चहा दिला तर कप दोन्ही हातांनी धरला, तरी शर्टावर सांडला, आणि मला म्हणाले, "तुझा चहा लई गरम आहे." चहा गार झाला होता ताई. हरभऱ्याचं बी सांगते. काकांनी सराव केला आहे. इथंच बसून केला. माझ्या मोबाईलवर सेकंद लावले होते. उजव्या हाताने वीसपैकी सात उचलले आणि उठून गेले. मग परत येऊन म्हणाले, ते लिहू नको. माफ करा, अर्जात चूक लिहू नये असं आम्हाला शिकवलं आहे.

•

नाशिक
१० नोव्हेंबर २०२५

भागवत,

शितलला माझा जयभीम सांग आणि तिच्यावर रागावलास तर बघ.

पन्नासपैकी बावन्न. अरे, हळदीच्या बिटात बोली लागताना तू शेतकऱ्यासमोर असा हिशेब सांगितलास तर तुला मोंढ्यातून हाकलून देतील.

मी आता कोच म्हणून बोलत न्हाई. वर्गात आपण एका बाकावर बसायचो न्हाई, पण दहावीच्या सहामाही परीक्षेला आमच्या वस्तीतून शाळेच्या रस्त्यावर पाणी होतं तेव्हा तू मला सायकलवर मागे बसवून नेलं होतंस आणि गाव काय काय बोललं ते तू कानावर घेतलं न्हाईस. तेव्हाही तुझ्या घरच्यांना सांगितलं नव्हतंस. लपवायची तुझी सवय तेव्हा कामाला आली. आता येणार न्हाई.

बाबांचा विषय काढू नको म्हणतोस. काढणार. संतरामकाकांचा हात गेल्यावर तू त्यांना मोंढ्यात खुर्चीवर बसवायचास. लोक मानानं त्यांच्या उजव्या हातावर हळकुंड ठेवायचे, आणि ते तसंच घरंगळून पडायचं, आणि तू ते वाकून उचलायचास, जसं काही तुझ्याच हातातून पडलं. एकदा मी सुट्टीत आले होते तेव्हा पाहिलं. तुला वाटलं कोणी पाहिलं न्हाई. तेच होईल म्हणून तू आता घाबरतोस, आणि डॉक्टरने "होय" म्हटलं तर काय करायचं, म्हणून तू डॉक्टरकडेच जात न्हाईस. मला तुझी ही पद्धत समजते. माझी आई गेली त्या आधी तीन महिने मीही हाच शहाणपणा केला होता.

सोमवार, १७ तारीख. नांदेडला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडे जाऊन ये. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला कळलं न्हाई तर मंगळवारी सकाळी मी दिपाला फोन करते. स्पीकरवर ठेवू दे तिला खुशाल. तुमच्या घरातल्या तिन्ही मतांना मी पुरी पडते.

करुणा

•

कुरुंदा
२४ नोव्हेंबर २०२५

करुणाताईंना दिपाचा नमस्कार.

आपली भेट लग्नात झाली होती, माझ्याच. तुम्ही आहेर म्हणून बॅडमिंटनच्या दोन रॅकेट दिल्या होत्या आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ह्या पोरीला संसार म्हंजे काय वाटला! तेव्हापासून तुम्ही माझ्या लक्षात आहात.

तुमचं दहा तारखेचं पत्र मी वाचलं. दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं, पण पोस्टमन आमच्याच गल्लीतला आहे, त्याला वाटलं घरी दिलं काय अन् दुकानात दिलं काय. पाकिटावर बाईचं नाव, नाशिकचं, आणि दुकानाचा पत्ता. ताई, खोटं कशाला सांगू, मी चुलीवर पातेलं ठेवून वाफेने पाकीट सोडवलं. त्याच्या आधी तीन महिने मी यांच्याकडे बघून राहिले होते. हा माणूस चहा डाव्या हाताने पितो. शर्टाची बटणं लावायला नको म्हणून टी-शर्ट घालून मोंढ्यात जातो. पहाटे उठून अंगणात उजवा हात झटकत उभा राहतो. मी विचारलं तर म्हणे, "पिकलबॉलचा सराव आहे, मधल्या पायरीवरचा." मला वाटायला लागलं, ह्यांचं बाहेर कुठं काही चालू आहे. आता सांगायलाही लाज वाटते, पण पत्र हातात पडलं तेव्हा मला वाटलं, नाशिकची ती हीच.

आणि मग वाचलं. वाचून झालं तेव्हा पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं. मी ताई आधी रडले की न्हाई ते आठवत न्हाई, पण आधी हसले एवढं आठवतं. बाई निघाली न्हाई म्हणून. मग सासऱ्यांच्या हाताचं वाचलं अन् हसू गेलं. बाई असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. बाईचं काही करता येतं.

मी त्यांना काही म्हणाले न्हाई. पत्र परत चिकटवून दुकानात पाठवलं आणि सोमवारी सकाळी चप्पल घालून दारात उभी राहिले. म्हणाले, "मी नांदेडला येऊन राहिले." ते म्हणाले, "काहून?" मी म्हणाले, "साडी घ्यायची आहे." तर त्यांनी एवढंच म्हटलं, "साडीचं दुकान तिकडं न्हाई." मी म्हणाले, "मला माहीत आहे." बस वसमत सोडून पुढे गेल्यावर बोलले. सासऱ्यांचं बोलले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टरने हाताला तारा लावून विजेचे झटके देऊन पाहिलं. प्रत्येक झटक्याला हे "अरे बापरे" म्हणत होते आणि तिथली मुलगी खूश होत होती, म्हणे, "छान, जाणवतंय न!" रक्त तपासलं, साखर पाहिली, डोक्याचा फोटोही काढला. दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. लकवा न्हाई ताई. डोक्यात काही न्हाई. मनगटात एक बोळ असतो म्हणे, त्यातून अंगठ्याकडची नस जाते, तो बोळ सुजून नस दबली आहे. डॉक्टर म्हणाले, "वयाने होतं, कामाने होतं, पण तुमचं तर या पॅडलने केलंय." पॅडल हे सोबत घेऊन गेले होते, डॉक्टरला दाखवायला. त्यांनी ते हातात घेऊन तोललं अन् विचारलं, "हे एवढं जड, आणि एवढं घट्ट धरता कशाला?"

मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हेच मी तीस वर्षं विचारून राहिले."

तुम्ही सोमवारपर्यंतचा टायम दिला होता, म्हणून यांनी संध्याकाळी तुम्हाला "जाऊन आलो" एवढा मेसेज टाकला; बाकीचं ह्या पत्रात. पत्राला उशीर झाला, कारण त्या दिवशी आम्ही खरंच साडी घेतली. सहा आठवडे मनगटाला पट्टा, औषध, आणि नस ऐकली न्हाई तर छोटं ऑपरेशन. पण डॉक्टर म्हणाले, बहुतेक लागणार न्हाई.

ते सध्या तुमच्यावर रागावल्यासारखं करतात. खरं न्हाई ते. एक दिवस सकाळी लवकर उठून पाहिलं तर अंगणात बसून एकटेच हसत होते.

तुमची,
दिपा

ता. क. ते शिसं मी काढलं. विळीने.

•

कुरुंदा
११ जानेवारी २०२६

प्रिय करुणा,

सप्रेम नमस्कार.

अक्षर पाहा आणि मार्क दे. तू दिलेस न्हाईत तरी चालेल, शितल देऊन गेली. काल केंद्रात एका शेतकऱ्याचा अर्ज मी स्वतः हाताने भरून दिला, तर ती म्हणाली, "काका, टाईप केल्यासारखं आलंय." तिच्या तोंडून याहून मोठी दाद येणं शक्य न्हाई.

तुझ्यावर रागावणार होतो. खूप तयारी केली होती. पण राग धरायचा तरी किती घट्ट, तूच म्हणालीस दहातला तीन.

पट्टा ३० डिसेंबरला निघाला. बोटं परत माझी झाली आहेत. अंगठ्याला अजून जरा झिणझिण आहे, पण डॉक्टर म्हणाले हळूहळू जाईल, ऑपरेशनचं नाव काढलं न्हाई. मोंढ्यात परत जाऊन बसलो. हळकुंड हातात घेतलं तेव्हा कोणी बघत न्हाई ना पाहून घेतलं, तर सगळेच बघत होते. दिपाने अख्ख्या मोंढ्याला सांगितलं आहे. तिचा माणूस वाचला म्हणून न्हाई, तर तो किती मूर्ख आहे म्हणून. लोक भेटायला येतात आणि माझ्याऐवजी तिलाच विचारतात, "आता हात कसा आहे भागवतचा?"

सोमेश्वरने पुण्याहून नवीन पॅडल मागवून दिलं. दोनशे पंचवीस ग्रॅम, सोळा मिलिमीटर, मूठ जाड. पहिल्या दिवशी हातात घेतलं तर वाटलं, हे आतून पोकळ आहे, फसवलं आपल्याला. दुसऱ्या दिवशी समजलं की पोकळच चांगलं. बॉल त्यावर येऊन बसतो आणि सांगेल तिकडे जातो. विहिरीत एकही गेला न्हाई. सोमेश्वर आता म्हणतो, "भागवतराव, तुमी पहिल्यांदा खेळून राहिले." मग इतके दिवस मी काय करत होतो ते त्याला विचारलं न्हाई.

सराव खरे करून राहिलो. पन्नासपैकी एकतीस. डाव्याने सव्वीस. हा आकडा पाहून धक्का बसला. सहा आठवडे उजवा पट्ट्यात होता, तेव्हा डाव्याने खेळलो, आणि त्याला इतकी सवय झाली आहे की आता कधी कधी उजव्याला म्हणतो, तू जरा बस. तिसरा सराव, जिरवायचा, तो अजून येत न्हाई. समोरून जोरात आलं की माझ्याकडून जोरात जातंच. हा रोग मनगटात न्हाई, रक्तात आहे, आणि त्याची तपासणी नांदेडला होत न्हाई.

औंढ्याच्या लॉजवाल्यांकडून मागच्या रविवारी हरलो. अकरा-नऊ. दिपा बघायला आली होती. हरल्यावर मी हसत होतो, तर तिने सोमेश्वरला विचारलं, "यांना झटका देणारी तार परत लावायला न्यायची का?"

फेब्रुवारीत हळद शिजायला लागली की कोबा बंद. तू येऊन जा. आधी आलीस तर खेळायला मिळेल, नंतर आलीस तर हळद पसरायला. दिपा म्हणते, रॅकेट देणाऱ्या बाईला मला परत एकदा बघायचं आहे.

आता एक सांगतो. कोणालाच सांगितलं नव्हतं, दिपालाही न्हाई. बाबांचा हात गेला तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न वर्षं, आठ महिने आणि नऊ दिवस होतं. बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा मी जुनी वही काढून बसलो आणि माझे दिवस मोजले. माझा तो दिवस १४ डिसेंबरला येत होता. कॅलेंडरवर त्या चौकोनात पेन्सिलने एक ठिपका दिला होता, कोणाला दिसू नये इतका बारीक. ऑगस्टपासून रोज सकाळी हात झटकताना त्या ठिपक्याकडे बघायचो. किती राहिले. तुझा पाचवा सराव मी केला, सात हरभरे उचलले, त्या दिवशी एकेचाळीस राहिले होते.

नांदेडहून आल्यावर तो ठिपका खोडायचा राहिला. विसरलोच. आज नवं कॅलेंडर लावायला जुनं काढलं आणि डिसेंबरचं पान समोर आलं. ठिपका तसाच होता. तो दिवस उलटून महिना होत आला. हात गेला त्या वेळच्या बापापेक्षा मी मोठा झालो आणि मला पत्ताच न्हाई.

त्या दिवशी मी काय केलं ते आठवेना. दिपाला विचारलं, का विचारतो ते न सांगता. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "चौदा तारीख? रविवार होता. तुमी डाव्या हातानं खेळून राहिले होते, अन् बॉल रेषेवर पडला का बाहेर, यावरून सोमेश्वर सरांशी अर्धा तास भांडले. चार दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी. लेकरं बरी."

मी तिथेच पाटावर बसलो. तिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही न्हाई, भाकरी वाढ."

आणि करुणा, बॉल बाहेरच होता.

तुझा,
भागवत